पान तोंडात जाईपर्यंत

परवा धाराशिवला एका कॉलेजात 'नाद आणि निर्मिती' असा कार्यक्रम होता. निवृत्त शिक्षकाला दुपारी काम नसतं आणि हॉलमध्ये पंखे असतात, म्हणून मी गेलो. पुण्याहून आलेल्या एक डिझायनर बाई बोलत होत्या. आवाजातून कलावंताला प्रेरणा कशी मिळते, हे त्या पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होत्या. एका चित्रात त्यांनी कुठल्याशा मोठ्या हॉटेलासाठी केलेले दिवे होते, घंटेच्या आकाराचे. हे दिवे म्हणे एका घंटेच्या नादातून स्फुरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या चित्रात भट्टीपुढे उकिडवा बसलेला, खांद्यावर पंचा टाकलेला एक म्हातारा होता. खाली लिहिलं होतं, 'अनामिक कारागीर, मराठवाडा'.

मी शेजारच्या खुर्चीतल्या प्राध्यापकांना म्हणालो, "अनामिक कसले? हे नागनाथ ओतारी. आमच्या गावचे." ते म्हणाले, "हो का? वा!" आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेले. स्टेजवरच्या बाई नागूअण्णांच्या ओट्यावर तीन दिवस बसून गेल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे चहा प्यायल्या होत्या. प्रेरणा घेऊन गेल्या, नाव तेवढं घ्यायचं राहिलं.

पण नावांबद्दल बोलायला माझं तोंड नाही. ते का, ते पुढे येईल.

गावाचं नाव मी सांगणार नाही. अणदूरच्या पुढे आहे, एवढं पुरे. सांगितलं तर आमच्या देवळाची कमिटी उद्या सकाळी माझ्या दारात उभी राहील, आणि कमिटी आली की चहा करावा लागतो.

नागूअण्णा ओतारी. मातीच्या साच्यात पितळ आणि कासं ओतून वस्तू करणारे ते ओतारी. अण्णा बैलांच्या गळ्यातल्या घंटा करत, घुंगरं करत, शेळ्यामेंढ्यांच्या घंट्या करत. शिक्षण दुसरी. बांधा काटकुळा, मिशी पिवळी, आणि कमरेला पानाची चंची. जगातल्या सगळ्या वस्तूंचे आणि माणसांचे त्यांनी दोनच प्रकार केले होते, खणखणीत आणि बद्द. खणखणीत फार थोडे निघत. सरपंच बद्द, तलाठी बद्द, नवीन बसस्टँड बद्द, टीव्हीवर बोलणारे सगळे बद्द. मी शाळेवर रुजू झालो त्याच आठवड्यात त्यांनी माझाही निकाल लावला. वर्गाच्या खिडकीबाहेर उभे राहून माझी एक अख्खी तासिका ऐकली आणि मधल्या सुट्टीत मला म्हणाले, "गुरुजी, तुमचा आवाज फळ्यापत्तुर जातो. पोरांपत्तुर न्हाय."

मी दोन वर्षं त्यांच्याशी बोललो नाही. दुःख याचं होतं की ते खरं होतं.

मधल्या बोटाचं पेर वाकवून समोर येईल ते ठोकायची त्यांना खोड होती. माठ ठोकत, दार ठोकत, गॅसची टाकी ठोकत, कुणी नवी मोटारसायकल आणली की तिचा पत्रा ठोकत आणि मग मालकाकडे कीव आल्यासारखं बघत. एकदा भावकीतल्या मुलीची सोयरीक ठरवायला चार वडीलधारी माणसं तामलवाडीला गेली, त्यात अण्णाही होते. पाण्याचे तांबे आले. सगळ्यांनी पाणी प्यायलं. अण्णांनी तांब्या आधी ठोकला, कानाशी नेला आणि भर बैठकीत म्हणाले, "तांबं न्हाय हे. पत्रा हाय, वर मुलामा दिलाय. पावण्याला मुलाम्याचं पाणी पाजतेत, ती माणसं पोरीला काय देतील?" मुलाकडच्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. पुढे सोयरीक झालीच, कारण बाकीच्या तिघांना जेवण आवडलं होतं. अण्णा लग्नाला गेले नाहीत.

भट्टीवर मात्र हा बोलभांड माणूस मुका व्हायचा. मुशीत वितळलेला धातूचा रस साच्यात ओतताना कुणी एक शब्द बोलायचा नाही. त्यांच्या पत्नी काशीकाकू खोकला आला तरी पदर तोंडात कोंबून बाहेर पळायच्या. कारण अण्णा त्या वेळी साचा ऐकत असत. मातीत कुठं ओल राहिली असेल तर आत रस गुरगुरतो आणि घंटेत बुडबुडा राहतो. नीट चालला असेल तर रस गप गिळल्यासारखा आत जातो, आणि साचा भरत आला की आवाज बारीक होत होत बंद पडतो. डोळ्यांना हे काहीच दिसत नाही. एकदा ओततानाच सरपंचांचा मोबाइल वाजला, तोही भूपाळीच्या सुरात. अण्णांनी काम थांबवलं नाही, पण साचा थंड झाल्यावर फोडला, घंटा बघितलीसुद्धा नाही आणि तशीच पुन्हा मुशीत टाकली. "ह्यात सरपंच शिरलाय," म्हणाले.

आणि त्यांची ती परीक्षा. घंटा घासूनपुसून झाली की दोरीला टांगायची, एक टोला द्यायचा आणि चंची सोडायला घ्यायची. चंचीची दोरी उलगडायची, पान काढायचं, धोतराला पुसायचं, देठ खुडायचा, शिरा काढायच्या, चुना, कात, सुपारी, घडी. लहान घंटेला आवाज देठ खुडेपर्यंत टिकला तरी चालायचं. मोठ्या घंटेचा आवाज पान तोंडात जाईपर्यंत टिकला पाहिजे. नाही टिकला तर घंटा परत मुशीत, आणि पान परत चंचीत. अण्णांच्या मते खोट्या आवाजावर पान खायचं नसतं.

आता त्या पुण्याच्या बाई. त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात काठीला लावलेला एक केसाळ माईक होता. अण्णांनी तो बघितला आणि मला विचारलं, "ही मांजर कशापायी आणली?" बाईंनी गंभीरपणे विचारलं, "बाबा, तुमची प्रेरणा काय आहे?" अण्णा माझ्याकडे वळले. मी सांगितलं, "काम करायची इच्छा कुठून येते, असं विचारतात." अण्णा म्हणाले, "सकाळी उटलं की भूक लागती की वो." बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी डोळे मिटून घंटेचा नाद 'अनुभवला'. अण्णांनी त्यांना एक अख्खी आणि एक तडकलेली अशा दोन घंटा वाजवून दाखवल्या. बाईंना तडकलेलीचा आवाज जास्त आवडला. त्यात म्हणे एक जखम होती. त्या दिवशी अण्णा मला म्हणाले, "गुरुजी, शिकलेल्या माणसाचा कान लवकर बिघडतो का?"

बाईंना जे सांगितलं नाही ते अण्णांनी मला सांगितलं होतं, तेही एकदाच. अण्णांचे वडील, ज्यांना ते दादा म्हणत, मोठे ओतारी होते. त्यांनी एकदा देवळाची मोठी घंटा ओतली होती. ती सीमेपलीकडे कानडी मुलखातल्या कुठल्याशा मठात गेली. कुठल्या, ते कुणाला ठाऊक नाही. लहानपणी अण्णांनी ती दोरीला टांगलेली असताना ऐकली होती. पुढे अण्णा विशीत असताना दादा दोन दिवसांच्या तापात गेले, आणि तांब्यात कथील किती घालायचं ते सांगायचं राहून गेलं. त्यांच्या हातची एकच घंटी आसपास उरली होती. ती एका धनगराच्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात होती. धनगर ती विकेना. मग अण्णा कळपामागून चालत निघाले, फक्त ऐकायला. थेट आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या माळापर्यंत अकरा दिवस चालले. "पाय फुटले," ते म्हणाले, "पर कान भरून आलो."

त्या भरलेल्या कानावर त्यांनी पुढची पन्नासेक वर्षं काढली. चिमूट चिमूट कथील कमी-जास्त करत लहान घंट्यांत त्यांनी दादांचा आवाज धरला. मोठ्या घंटेत धरायचा राहिला होता. तेवढा धातू घरचा घालणं परवडणारं नव्हतं, आणि मोठी घंटा करायला सांगणार कोण? गावात ट्रॅक्टर आले, बैल गेले, बैलांबरोबर घंटा गेल्या. अण्णांचा एकच धोशा होता. "एक डाव मोठ्या घंटंत दादाचा आवाज आयकायचाय, गुरुजी. मग भट्टी इजवली तरी चालंल." या माणसाला आयुष्यात दुसरं काही मागताना मी ऐकलं नाही.

आणि मग आमच्या महादेवाच्या देवळातली जुनी घंटा तडकली.

देऊळ म्हटलं की कमिटी आली. अध्यक्ष सिमेंटच्या दुकानाचे मालक, आणि चिटणीस मी, कारण माझं अक्षर चांगलं. आमच्या देवळात नाव नसलेली जागा शोधून सापडत नाही. पायरीवर नाव, बाकावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, पंख्याच्या पात्यावर नाव. पंखा फिरतो तेव्हा दाता दिसत नाही म्हणून एकांनी उन्हाळ्यात पंखा बंद ठेवायला लावला होता. तरी ठरलं बरं. घंटा बाहेरून आणायची नाही, घरोघरचं तांबं गोळा करून नागूअण्णांकडून ओतून घ्यायची. अण्णा तेव्हा पंच्याहत्तरीला आले होते. निरोप घेऊन मी गेलो तर त्यांनी ऐकून घेतलं आणि काशीकाकूंना म्हणाले, "भाता काढ."

तांबं गोळा करायच्या दिवशी देवळापुढे सतरंजी टाकली होती. लोकांनी काय काय आणलं! हंडे, घागरी, बंब, आणि त्याबरोबर ॲल्युमिनियमचे डबे, फुटक्या समया, नळाच्या तोट्या. देवाला द्यायचं म्हटलं की माणूस आधी माळा झाडून काढतो. अण्णा एकेक वस्तू ठोकत होते. तांबं उजवीकडे, बाकीचं डावीकडे. डावीकडचा ढीग मोठा होत चालला तसे लोक चुळबुळायला लागले. शेवटी अध्यक्ष उठले. त्यांनी आदर्श व्यापारी म्हणून मिळालेला चषक आणला होता, हातभर उंच, सोनेरी. चार लोकांकडे बघत त्यांनी तो अण्णांच्या पुढ्यात ठेवला. अण्णांनी ठोकला. टप् असा आवाज आला. पुन्हा ठोकला, पुन्हा टप्. अण्णांनी तो दोन्ही हातांनी उचलून अध्यक्षांना परत दिला. "पलास्टिक हाय, मालक. नातवाला खेळाया द्या."

लोक हसले. मीही हसलो, पण खाली मान घालून. अध्यक्ष हसले नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी मला बोलावून सांगितलं, दात्यांची नावं पितळी पाटीवर कोरून घ्यायची आणि पाटी घंटेवरच बसवायची. भिंतीवर नको, भिंत कोण बघतं? मी म्हणालो, "अण्णांना विचारायला पाहिजे." ते म्हणाले, "घंटा देवाची आहे, अण्णांची नाही." मला यादी सुंदर अक्षरात लिहायला सांगितली. मी लिहिली. एकूण एकेचाळीस नावं. अध्यक्षांचं पहिलं, मोठ्या अक्षरात, जरी त्यांचं एक गुंजभरसुद्धा त्या घंटेत जाणार नव्हतं. माझ्या आईचा हंडा उजव्या ढिगात गेला होता, त्यामुळे माझं नाव सत्ताविसावं होतं. ओतणाऱ्याचं नाव यादीत नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं असं म्हणायची सोय आहे, पण आलं होतं.

घंटा झाली. मोठ्या घागरीएवढी. साचा फोडला त्या दिवसापासून पुढचे आठ दिवस अण्णा ती घासत होते आणि कुणाला वाजवू देत नव्हते. नवव्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणातल्या लिंबाला ती टांगली. आम्ही दहा-बारा जण होतो, अध्यक्षही होते. अण्णांनी टोला दिला आणि चंची कमरेची काढली.

मी संगीतातला माणूस नाही. इतकंच सांगतो की तो आवाज कानात शिरला नाही, छातीत आला. अण्णांनी दोरी उलगडली. पान पुसलं. देठ खुडला. आवाज होता. शिरा काढल्या, चुना लावला, सुपारी ठेवली. आवाज खाली खाली जात होता, पण होता. घडी घातली. पान तोंडात गेलं. अण्णा तोंड मिटून उभे राहिले. ते पान चावायला लागले तेव्हा कुठं तो आवाज संपला, आणि संपला कधी ते आमच्यातल्या कुणालाच सांगता आलं नसतं. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. त्यांनी ते पुसलं नाही. "आला," एवढंच म्हणाले. काशीकाकू दारातून म्हणाल्या, "मामंजीच की वो हे." त्यांनी सासऱ्यांची घंटा कधी ऐकली नव्हती. इतकी वर्षं नवऱ्याच्या तोंडून ऐकून त्यांनाही ती ओळखू आली होती.

मग अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "गुरुजी, तुमी कमिटीत हाव, तुमास्नी सांगतो. ह्या घंटंला रंग न्हाय लावायचा. खिळा न्हाय मारायचा. भोक न्हाय पाडायचं. वाजवायपुरता हात लावायचा, बस." मी "बरं अण्णा" म्हणालो. नावांची यादी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी मी एक वाक्य बोलायला हवं होतं. माझा आवाज फळ्यापर्यंतसुद्धा गेला नाही.

त्याच आठवड्यात अण्णा वाशीला लेकीकडे गेले. आता निवांत राहून येतो म्हणाले. घंटा टांगायचा मुहूर्त त्यांच्यासाठी पुढे ढकलावा असं कुणाला वाटलं नाही. आदल्या दिवशी वेल्डिंगच्या दुकानातला माणूस ड्रिल मशीन घेऊन आला. चार भोकं पाडली, चार बोल्ट घातले, पाटी आवळली. मी बोल्ट धरून उभा होतो. दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं. डीजे होता. पाहुण्यांनी घंटा वाजवली, फोटो निघाले, पण डीजेपुढे तिचा आवाज कसा आला ते कुणालाही कळलं नाही. सगळे पाटी वाचत होते, प्रत्येकजण फक्त आपली ओळ.

मला कळलं ते दुसऱ्या दिवशीच्या आरतीला. टोला दिला की घंटा खळ्ळ करायची आणि गप व्हायची. पाटी थरथरायची आणि आवाज तिथंच मरायचा. मी अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "गुरुजी, आवाज हवेत जातो. नावं राहतात." मग पुढच्या महिन्यात त्यांनी आरतीचं यंत्र आणलं. बटण दाबलं की ढोल, झांजा, घंटा सगळं आपोआप वाजतं. त्याच्यावरही त्यांचं नाव आहे.

अण्णा पंधरा दिवसांनी आले. एसटीतून उतरून घरीसुद्धा न जाता सरळ देवळात आले. हातात पिशवी तशीच होती. दुपारची वेळ, देवळात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी खांबाआड होतो. पुढे व्हायला हवं होतं, झालो नाही.

त्यांनी पाटी बघितली. त्यांना वाचता जेमतेम येत होतं. बोट फिरवून चारही बोल्ट चाचपले. मग टोला दिला आणि सवयीनं हात चंचीकडे गेला. दोरीची गाठसुद्धा सुटली नव्हती, तोवर देऊळ गप झालं होतं.

मग मान न वळवता म्हणाले, "गुरुजी, भाइर या. तुमचा श्वास ऐकू येतोय."

मी बाहेर आलो. म्हणालो, "अण्णा, पाटी काढून टाकतो. आत्ता काढतो. बोल्टचा पाना घेऊन येतो."

"पाटी काढाल," अण्णा म्हणाले. "भोकं कशानं काढाल?"

"पुन्हा ओतू."

त्यांनी आपले दोन्ही हात पुढे करून बघितले. मग त्यांनी विचारलं, "तुमचं नाव कितवं?"

"सत्ताविसावं."

"दावा."

मी बोट ठेवून दाखवलं. अण्णांनी मधल्या बोटाचं पेर वाकवलं, बरोबर माझ्या नावावर एकदा ठोकलं आणि ऐकलं. खणखणीत की बद्द, ते सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

चंचीची दोरी त्यांनी घट्ट केली, चंची कमरेला खोवली आणि पिशवी उचलून ते पायऱ्या उतरले. पुढच्याच आठवड्यात काशीकाकूंना घेऊन ते वाशीला गेले ते कायमचे, आणि तिथंच वारले. मला दिसलेले अण्णा ते शेवटचे. आमच्या गावात मी पस्तीस वर्षं काढली, पण टोला दिल्यावर चंचीतून पानसुद्धा न काढलेले नागूअण्णा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.